पडद्यावरच्या भूमिका, लिंगओळख आणि कलाकारांची निवड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगली-मिरजेत एकांकिका, लघुपट, वेबमालिका करणारी मंडळी दरवर्षी कुणाची तरी कथा नाहीतर कादंबरी हातात घेतात आणि भूमिका कोणाला द्यायची यावर अडतात. प्रेक्षकांचे प्रश्नही तेच असतात, फक्त ते सिनेमा पाहून झाल्यावर विचारतात. दोघांचे प्रश्न इथे एकत्र घेतले आहेत. ज्यांना फक्त वाद समजून घ्यायचा आहे त्यांनी सुरुवातीचे प्रश्न वाचावेत. ज्यांना चित्रीकरण करायचं आहे त्यांनी कास्टिंग कॉलपासून (कलाकार मागवणाऱ्या जाहिरातीपासून) पुढचं नीट वाचावं, कारण चुका तिथे होतात.

वाद नेमका कशाचा आहे?

दोन वेगळे प्रश्न एका दमात विचारले जातात आणि त्यामुळे भांडण होतं. पहिला प्रश्न कथेचा: हे पात्र कोण आहे, ते स्वतःला काय समजतं, आणि अमुक कलाकाराने ते केलं तर कथेचा अर्थ बदलतो का? दुसरा प्रश्न कामाचा: ज्या माणसांच्या आयुष्यावर सिनेमे निघतात त्यांना त्या सिनेमात काम मिळतं का? पहिल्याचं उत्तर पुस्तकात शोधायचं असतं, दुसऱ्याचं निर्मात्याच्या हजेरीपटावर. एखादा नट भूमिका उत्तम करू शकतो आणि तरीही दुसऱ्या कुणाला त्या दारातून कधी आतच घेतलं नाही, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात.

बालगंधर्व स्त्री भूमिका करायचे आणि लोक डोक्यावर घ्यायचे. मग आज हरकत कशाला?

सांगलीत हा प्रश्न येणारच. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ इथेच केलं. त्या काळी स्त्री भूमिका मुलगे आणि पुरुषच करत. पलूस तालुक्यातल्या नागठाण्याचे नारायण श्रीपाद राजहंस १९०५ मध्ये किर्लोस्कर नाटक मंडळीत आले आणि मिरजेत शकुंतला म्हणून उभे राहिले. पुढे बालगंधर्वांचा पदर, नथ, अंबाडा यांचं अनुकरण घरोघरच्या बायका करू लागल्या. त्यांच्या कलेला आज कुणी नावं ठेवत नाही, ठेवूही नयेत.

पण पुरुषांनी स्त्री भूमिका करायच्या हा काही कलेचा सिद्धांत नव्हता. घरंदाज बाईने रंगमंचावर उभं राहायचं नाही, असा समाजाचा दंडक होता. तमाशात बायका नाचत-गात होत्याच, मात्र त्यांना नाटकाच्या दारात उभं करत नव्हते. दादासाहेब फाळक्यांना १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’साठी तारामती म्हणून अण्णा साळुंके घ्यावे लागले. १९१७ च्या ‘लंका दहन’मध्ये तर राम आणि सीता दोन्ही साळुंक्यांनीच केले. गंमत अशी की १९१३ मध्येच ‘मोहिनी भस्मासुर’साठी दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई कॅमेऱ्यासमोर आल्या होत्या. म्हणजे बायका होत्या, त्यांना येऊ देणारी माणसं कमी होती. मिरजेत जन्मलेल्या हिराबाई बडोदेकर नाटकात उतरल्या, १९३३ मध्ये ‘आंधळ्यांची शाळा’त स्त्रियांनी स्त्री भूमिका केल्या, आणि मग हळूहळू चित्र पालटलं.

तेव्हा दाराबाहेर बायका होत्या, आज पारलिंगी (ट्रान्सजेंडर) कलाकार आहेत. बालगंधर्वांचं उदाहरण द्यायचं तर हा भागही सांगावा लागतो.

२०११ च्या ‘बालगंधर्व’ सिनेमात सुबोध भाव्यांनी काम केलं त्यावर हा आक्षेप लागू होत नाही. ते पात्र स्त्री भूमिका करणाऱ्या पुरुषाचं आहे.

तृतीयपंथी, हिजडा, जोगता, नाच्या, स्त्री-पार्टी: हे सगळं एकच ना?

नाही. आपल्या भागातली रूपांतरं सगळ्यात जास्त बिघडतात ती इथे, म्हणून जरा सविस्तर.

स्त्री-पार्टी हा नाटकातला व्यवसाय. नट घरी गेला की पुरुष. नाच्या हे तमाशातलं पात्र. ते करणारा बहुतेक वेळा बायको-मुलं असलेला पुरुष असे, पण लोक पात्र आणि माणूस यात फरक करत नसत. गणपत पाटलांनी सिनेमात नाच्या इतका हुबेहूब उभा केला की ‘आत्ता गं बया’ हा उद्गार त्यांच्या खासगी आयुष्यातही त्यांच्या मागे लागला. ‘नटरंग’ आनंद यादवांच्या कादंबरीवरचा. त्यातला गुणा रांगडा गडी आहे, नाच्या होतो, आणि त्याची शोकांतिका हीच की लोक त्याला पुरुष मानायचे थांबतात. अतुल कुलकर्णींनी त्यासाठी आधी पैलवानी शरीर कमावलं आणि मग उतरवलं. तिथे पुरुष नटच हवा होता. कथाच ती आहे.

हिजडा समाजाला गुरू-चेला परंपरा आहे, घराणी आहेत, डेरा (एकत्र राहण्याचं घर) आहे, बधाई (लग्न-बारशाला आशीर्वाद देऊन मिळणारी दक्षिणा) आहे. पारलिंगी हा त्याहून व्यापक शब्द. जन्मावेळी जे लिंग नोंदवलं गेलं त्याहून ज्याची लिंगओळख वेगळी आहे अशी कुणीही व्यक्ती त्यात येते, मग ती डेऱ्यात राहत असो की विश्रामबागेतल्या फ्लॅटमध्ये. पारलिंगी पुरुषही असतात. आपल्या सिनेमांना त्यांचा जवळपास पत्ताच नाही.

जोगता म्हणजे यल्लम्मा देवीला वाहिलेला पुरुष. जत, मिरज, कवठेमहांकाळपासून कोल्हापूर आणि खाली सौंदत्तीपर्यंत ही परंपरा पसरलेली आहे. काही जण घरच्यांच्या नवसामुळे किंवा आजारपणाचा अर्थ देवीशी जोडल्यामुळे जोगते केले जातात, तर काहींना आपल्या मनातलं बाईपण जगायला तिथेच जागा सापडते. बाहेरून लुगडं सारखंच दिसतं, आत दोन वेगळ्या कथा असतात. २००९ च्या ‘जोगवा’तला तायप्पा पहिल्या प्रकारचा: तो स्वतःला पुरुष समजतो आणि त्याच्यावर जोगतेपण लादलेलं आहे. राजन गवसांच्या ‘चौंडकं’ आणि ‘भंडारभोग’बरोबरच कवठेमहांकाळ तालुक्यातल्या चारुता सागर यांच्या ‘दर्शन’ या कथेचा आधार त्या सिनेमाला आहे. उपेंद्र लिमयेंना त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि ती निवड कथेच्या दृष्टीने चोख होती.

मग पटकथा लिहिताना पहिल्याच पानावर ठरवून टाका: तुमचा जोगता कोणता? ते ठरलं की कलाकार कसा शोधायचा हे निम्मं ठरतं.

जोगत्याचं पात्र दाखवताना वेशभूषेत काय चुकतं?

परडी, चौंडकं, तुणतुणं, डोक्यावरचा जग (टोपलीतली देवी), कपाळाचा भंडारा हे साधारण बरोबर असतं, कारण ते फोटोत दिसतं. गळ्यातलं ‘दर्शन’ चुकतं: ते लाल-पांढऱ्या मण्यांचं असतं, बाजारातली कुठलीही माळ घालून चालत नाही. बांगड्या तर हमखास चुकतात. मार्गशीर्षातल्या रांडाव पुनवेला देवीबरोबर जोगते-जोगतिणी बांगड्या फोडतात आणि माघातल्या अहेव पुनवेला पुन्हा भरतात. कथा त्या दोन पुनवांच्या मध्ये घडत असेल आणि हातभर हिरवा चुडा दिसला, तर जतचा प्रेक्षक तिथेच सिनेमातून बाहेर पडतो. पटकथेत प्रत्येक दृश्यासमोर महिना लिहा आणि ती यादी वेशभूषेला द्या.

जट दाखवणार असाल तर तिचा कथेत उपयोग काय हे आधी ठरवा. जट म्हणजे देवीचं बोलावणं, या समजुतीने अनेक मुलींची आयुष्यं बांधली गेली आणि अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी अशा कित्येक जटा सोडवल्या. ती शोभेची वस्तू म्हणून वापरू नये. महाराष्ट्रात देवदासी प्रथेविरुद्ध २००५ चा कायदा आहे आणि कर्नाटकात १९८२ चा. कथा आजच्या काळात घडत असेल तर पात्रांना हे माहीत असणारच.

नटाचं कामच दुसरा माणूस होणं. मग पारलिंगी भूमिका पारलिंगी कलाकारानेच करावी असा आग्रह का?

अभिनय म्हणजे दुसरा माणूस होणं, हे खरंच. पण मग ते दोन्ही बाजूंनी खरं असायला हवं. पारलिंगी अभिनेत्रीला डॉक्टर, वहिनी, फौजदार अशा भूमिका मिळत असत्या तर हा आग्रह इतका तीव्र झाला नसता. तिला त्या मिळत नाहीत, आणि तिच्या आयुष्यावरची भूमिका निघाली की तीही नामवंताकडे जाते.

दुसरं कारण पडद्यावर दिसतं. पारलिंगी स्त्रीचं काम पुरुष नटाने केलं की प्रेक्षकाच्या मनात ‘हा बाईचं सोंग घेतलेला पुरुष’ हीच समजूत घट्ट होते, आणि खऱ्या आयुष्यात त्याच समजुतीपायी मार खावा लागतो. २०१५ च्या ‘द डॅनिश गर्ल’मध्ये पारलिंगी स्त्रीची भूमिका केलेल्या एडी रेडमेनने २०२१ मध्ये सांगितलं की आज ती घेतली नसती. आपल्याकडे २०२३ च्या ‘ताली’त पारलिंगी कार्यकर्त्या गौरी सावंतांची भूमिका सुश्मिता सेनने केली. स्त्रीचं पात्र स्त्रीने केलं, हे त्यातल्या त्यात बरं, तरीही पारलिंगी अभिनेत्री का नाही हा प्रश्न उरलाच. त्याच वर्षी ‘मेड इन हेवन’च्या दुसऱ्या भागात त्रिनेत्रा हलदार गुम्माराजूने पारलिंगी स्त्रीची भूमिका केली. २०१७ च्या चिलीच्या ‘अ फँटॅस्टिक वुमन’मध्ये डॅनिएला व्हेगा मुख्य भूमिकेत होती आणि त्या सिनेमाला परभाषी चित्रपटाचं ऑस्कर मिळालं. कलाकार नाहीत, ही सबब त्यामुळे टिकत नाही.

निर्मात्यांची अडचणही खोटी नाही. नाव असलेला कलाकार असला की पैसा उभा राहतो. २०१८ मध्ये एका पारलिंगी पुरुषाच्या भूमिकेवरून टीका झाल्यावर स्कार्लेट जोहान्सन बाहेर पडली आणि तो सिनेमा ठरल्याप्रमाणे झाला नाही. पण सांगलीतल्या लघुपटाला हा युक्तिवाद लागू नाही. तुमच्याकडे नाव असलेला कलाकार तसाही नसतो! सगळेच नवे असताना पारलिंगी भूमिकेसाठी पारलिंगी कलाकार न शोधणं याला आळसाशिवाय दुसरं कारण आम्हाला दिसत नाही.

समलिंगी पात्रासाठीही हाच नियम?

नाही. त्यासाठी कलाकाराला त्याच्या खासगी आयुष्याबद्दल विचारावं लागेल, आणि ते कुणालाही विचारू नये.

मूळ पुस्तकात पात्र गोरं आहे किंवा पुरुष आहे. ते बदललं की मूळ कलाकृतीशी बेइमानी होत नाही का?

वाचकाच्या मनात पात्राचा चेहरा घट्ट बसलेला असतो, तो हलला की त्रास होतो. हा त्रास खरा आहे. त्याला लगेच द्वेष म्हणणं चूक. मात्र त्रास झाला म्हणजे बेइमानी झाली, असंही नाही.

आम्ही वापरतो ती कसोटी: ते लक्षण काढून घेतलं तर कथेतला एखादा प्रसंग कोसळतो का? २०२३ च्या ‘द लिटल मर्मेड’मध्ये कृष्णवर्णीय हॅले बेलीने जलपरी केली. जलपरीच्या कातडीच्या रंगावर कथेतलं काहीच टेकलेलं नाही, काही कोसळत नाही. ‘हॅरी पॉटर’च्या नव्या मालिकेत जादूच्या शाळेतला शिक्षक स्नेप याच्यासाठी पापा एसिएडूची निवड एप्रिल २०२५ मध्ये जाहीर झाली तेव्हा आक्षेपाला थोडा आधार होता, कारण पुस्तकात त्याच्या फिकट रंगाचं वर्णन आहे. तरी त्या रंगावर कथानक चालत नाही. काहींनी मात्र एक मुद्दा मांडला तो विचार करण्यासारखा आहे: विद्यार्थी असताना शाळेतली मुलं मिळून स्नेपला छळतात, तो प्रसंग आता प्रेक्षक वेगळ्या नजरेने पाहतील. दिग्दर्शकाने याचं उत्तर पटकथेत द्यायला हवं, पत्रकार परिषदेत नव्हे.

उलटं उदाहरण आपलंच आहे. ‘सैराट’मध्ये जात काढली तर कथाच उरत नाही. २०१८ मध्ये त्याचा हिंदी अवतार ‘धडक’ उदयपूरला गेला, जातीची धार बोथट झाली, आणि शेवटी हत्या राहिली तरी त्यामागचं कारण विरलं. सगळे चेहरे सिनेमाला शोभतील असे झाले तेव्हा मात्र बेइमानीची ओरड फार थोड्यांनी केली.

आपल्याकडे ‘वैविध्य’ म्हणजे तरी काय? गोरे-काळे तर परदेशात.

आपल्याकडे ते जातीत, बोलीत, कातडीच्या रंगात आणि तालुक्यात आहे. आटपाडीच्या माणदेशी मेंढक्याचं काम पुण्याहून आलेला उजळ मुलगा करतो, त्याला दोन छटा गडद रंगवतात, आणि तो ‘काय रं’ आणि ‘व्हय’ एवढ्यावर बोली भागवतो. रंगवलेली कातडी क्लोजअपमध्ये कानामागे आणि नखांशी पकडली जाते. बोली तर दुसऱ्याच वाक्याला पकडली जाते.

बोलीचा सराव कागदावरून होत नाही. ज्या गावचं पात्र आहे त्या गावच्या, त्याच वयाच्या आणि त्याच कामातल्या माणसाकडून संवाद बोलवून घ्या, परवानगीने ध्वनिमुद्रित करा, आणि कलाकाराला किमान तीन आठवडे ऐकू द्या. जतची कानडी हेल असलेली मराठी, वाळव्याची मराठी आणि आटपाडीची मराठी एक नाही. हे सगळं करण्यापेक्षा त्या भागातला मुलगा निवडणं पुष्कळदा स्वस्त आणि सरस पडतं. ‘सैराट’साठी अकलूजची रिंकू राजगुरू निवडली तेव्हा नेमकं हेच झालं.

पात्राचं लिंग किंवा ओळख बदलायला कायदा परवानगी देतो का?

आधी कथेचे हक्क. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क राहतात. वाटेगावचे अण्णाभाऊ साठे १८ जुलै १९६९ रोजी गेले. म्हणजे त्यांच्या हयातीत छापलेल्या लेखनाचे हक्क ३१ डिसेंबर २०२९ पर्यंत आहेत आणि १ जानेवारी २०३० पासून ते खुलं होईल. मृत्यूनंतर पहिल्यांदा छापलेल्या लेखनाचा हिशोब वेगळा असतो. माडगूळचे व्यंकटेश माडगूळकर २००१ मध्ये गेले, तिथे २०६१ अखेरपर्यंत थांबावं लागेल. सांगलीचे कृ. प्र. खाडिलकर १९४८ मध्ये गेले, त्यांची नाटकं २००९ पासून खुली आहेत.

हक्क असतील तर लेखी करार हवा. त्यात माध्यम, मुदत, प्रदेश आणि मोबदला लिहा. मुदत लिहिली नाही तर कायद्याने ती ५ वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. प्रकाशकाने होकार दिला म्हणून भागत नाही: रूपांतराचे हक्क लेखकाकडे की वारसांकडे, हे विचारा. वारस तीन असतील तर तिघांच्या सह्या. ‘आम्ही तिकीट लावत नाही’ हे कारण यूट्यूबवर चढवताना उपयोगी पडत नाही.

आता बदल. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५७ नुसार हक्क विकल्यावरही आपल्या कलाकृतीची प्रतिष्ठेला बाधा येईल अशी मोडतोड थांबवण्याचा अधिकार लेखकाकडे राहतो, आणि त्याच्यामागे वारस तो वापरू शकतात. हिंदी लेखिका मन्नू भंडारींनी आपल्या ‘आपका बंटी’ या कादंबरीवरच्या सिनेमासंदर्भात हेच भांडण दिल्ली उच्च न्यायालयात नेलं. १९८६ चा तो निर्णय रूपांतर करणाऱ्या प्रत्येकाने माहीत करून घ्यावा. म्हणून करारातच एक परिच्छेद घाला: ‘अमुक पात्राची लिंगओळख / जात / गाव बदलण्यास संमती आहे’, आणि बदलाचं एक पानी टिपण सोबत जोडा. ‘आवश्यक ते बदल’ असं मोघम लिहिलं की भांडण ठरलेलंच. सही करण्याआधी वकिलाला दाखवा.

पारलिंगी पात्राचे संवाद मराठीत कसे लिहायचे?

मराठीत बोलणाऱ्याला लपता येत नाही. ‘गेलो’ की ‘गेले’, ‘थकलो’ की ‘थकले’, प्रत्येक ओळीत ठरवावं लागतं. इंग्रजी कथेवरून लिहिताना तर हे सगळं नव्याने ठरतं. प्रत्येक पात्रासाठी एक तक्ता करा: ती स्वतःबद्दल कसं बोलते, आई कसं बोलते, बाजारातले कसे, पोलीस कसा. आई पहिल्यांदा ‘आलास’ऐवजी ‘आलीस’ म्हणते, हा अख्ख्या सिनेमाचा कळसबिंदू होऊ शकतो. पण आधीच्या चार दृश्यांत निष्काळजीपणे दोन्ही रूपं येऊन गेली असतील तर तो कळस कुणाला कळतच नाही. ओळख उघड व्हायची नसेल तिथे ‘मला जायचंय’, ‘मला दम लागला’, ‘मी येईन’ अशी वाक्यं मदतीला येतात.

आपल्या भागात एक जादा गुंता आहे. कोल्हापूर-सांगलीकडच्या खेड्यातल्या कित्येक बायका ‘मी आलो’, ‘मी जातो’ असंच बोलतात. तेव्हा पारलिंगी स्त्रीने ‘मी आलो’ म्हणणं म्हणजे ओळख घसरली, असं इथे आपोआप होत नाही. पुण्या-मुंबईच्या संकलकाला हे सांगावं लागतं, नाहीतर तो ती ओळ ‘चूक’ म्हणून कापतो. इंग्रजी उपशीर्षकं करणाऱ्यालाही तोच तक्ता द्या.

कास्टिंग कॉल कसा लिहायचा?

सगळं आधीच सांगणारा. उदाहरणार्थ: ‘भूमिका: शांता, वय ३५ ते ४५, पारलिंगी स्त्री, मिरजेच्या बाजारात फुलांचा गाळा. बोली: मिरजेकडची. चित्रीकरण ६ दिवस, त्यातले २ रात्रीचे. मानधन: दिवसाला अमुक रुपये, प्रवास-जेवण वेगळं. प्रणयदृश्य नाही. अनुभवाची अट नाही, ३ दिवसांचा सराव आमच्याकडून, सरावाचंही मानधन.’ आकडा लिहाच. ‘मानधन भेटीत ठरेल’ असं लिहिलं की ज्यांना आजवर फुकट राबवलं गेलं ते फोनच करत नाहीत.

ऑडिशनची दोन पानं तीन दिवस आधी पाठवा. एक प्रसंग असा द्या ज्यात लिंगओळखीचा विषयच नाही, गिऱ्हाइकाशी घासाघीस वगैरे. अभिनय तिथे कळतो. समोर तीनपेक्षा जास्त माणसं नकोत. शरीर, शस्त्रक्रिया, जुनं नाव, घरचे स्वीकारतात का, यातलं काहीही विचारू नका. ‘टाळी वाजवून दाखवा’ तर मुळीच नाही. ओळखपत्र मागायचं कारण नाही: १५ एप्रिल २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने आपली लिंगओळख आपण ठरवण्याचा हक्क मान्य केला, आणि कामावर घेताना भेदभाव करायला २०१९ च्या कायद्यानेही मनाई आहे. चित्रफीत केली तर ती कोण पाहणार आणि कधी पुसणार हे सांगून करा.

सेटवर काय चुकतं?

बहुतेक चुका दिग्दर्शकाच्या नसतात, यादी करणाऱ्याच्या असतात. करारावर पॅन आणि बँकेतलं नाव लागतं, ते ठीक. पण तेच नाव हजेरीपटावर जातं, आणि सकाळी सहा वाजता माइकवरून शंभर माणसांसमोर पुकारलं जातं. उपाय सोपा आहे: कागदोपत्री नाव फक्त हिशोब बघणाऱ्याकडे, बाकी प्रत्येक कागदावर रोजचं नाव. श्रेयनामावलीतलं नाव कलाकाराकडून स्वतःच्या अक्षरात लिहून घ्या.

कपडे बदलायला कडी लागणारी स्वतंत्र खोली हवी. प्रसाधनगृह कुठलं वापरायचं हे कलाकार ठरवेल, आणि जागेच्या मालकाशी त्याबद्दल आदल्या दिवशी बोला. साडी नेसवायला, मायक्रोफोन लावायला कोण चालेल हे विचारा. दाढीची निळसर झाक झाकायची असेल तर फाउंडेशनखाली केशरी करेक्टरचा पातळ थर देतात. ‘पात्र कळावं’ म्हणून दाढीचे खुंट रंगवू नका. आवाज नंतर दुसऱ्याकडून डब करायचा विचार असेल तर तो करारातच सांगा. नंतर कळलं की कलाकाराला ते फसवणुकीसारखं वाटतं, आणि ते बरोबरच आहे.

बाजारात चित्रीकरण असेल तर बघ्यांची गर्दी होते आणि शेरे येतात. गर्दी सांभाळणाऱ्या पोरांना आधी नीट सांगा. रात्रीचं काम संपल्यावर कलाकाराला घरापर्यंत गाडी द्या. ‘स्टँडवर सोडतो’ चालणार नाही.

सल्लागार कधी घ्यायचा आणि कुठे शोधायचा?

पटकथेचा पहिला खर्डा व्हायच्या आधी, दुसऱ्या खर्ड्यानंतर आणि महत्त्वाच्या दृश्यांच्या दिवशी सेटवर. संवाद पक्के झाल्यावर एका संध्याकाळी चहावर बोलावून ‘बघा बरं, काही चुकलंय का’ विचारणं म्हणजे सल्ला घेणं नव्हे. मानधन द्या, श्रेय द्या, आणि त्यांनी नको म्हटलेलं दृश्य ठेवणार असाल तर तसं स्पष्ट सांगा, म्हणजे नाव काढून घ्यायचं की नाही हे त्यांना ठरवता येईल.

सांगलीत ‘संग्राम’ ही संस्था १९९२ पासून काम करते, आणि ‘मुस्कान’ ही देहविक्रय करणारे पुरुष आणि पारलिंगी व्यक्तींची संघटना इथलीच. पण तिथे कलाकार ‘उचलायला’ जाऊ नका. पत्र पाठवा, कथा सांगा, उत्तराची वाट बघा. आणि प्रत्येक पारलिंगी व्यक्ती देहविक्रयच करते, असं धरूनही जाऊ नका: शिक्षिका, लेखापाल, शेती करणारे कुठे भेटतील याचाही शोध घ्या.

ऑस्करच्या नियमामुळे आता प्रत्येक सिनेमात असे कलाकार घ्यावेच लागतात, हे खरं का?

नाही. वगळल्या गेलेल्या गटांतल्या लोकांना स्थान देण्याचा तो नियम २०२४ च्या सोहळ्यापासून फक्त सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या स्पर्धेला लागू झाला. चारपैकी दोन निकष पुरे असतात, आणि ते पडद्यामागचे तंत्रज्ञ, प्रशिक्षणार्थी, प्रसिद्धी विभाग यांतूनही भागवता येतात.

मालिका चालू असताना कलाकाराचीच ओळख बदलली तर?

‘द अंब्रेला अकॅडमी’मध्ये एलियट पेजने डिसेंबर २०२० मध्ये आपण पारलिंगी असल्याचं सांगितलं, आणि २०२२ च्या तिसऱ्या भागात व्हान्या हे पात्र व्हिक्टर झालं. मूळ कॉमिकमध्ये असं काही नाही. केस कापणं, भावंडांशी दोन-चार वाक्यं, आणि कथा पुढे. इतक्या साधेपणानेही ते होतं.

मूळ लेखिकेची लिंगओळखीबद्दलची मतं पटत नसतील तर मालिका बघावी का?

प्रश्न ‘हॅरी पॉटर’च्या लेखिका जे. के. रोलिंगबाईंबद्दल असतो. २०२० पासून त्यांनी पारलिंगी प्रश्नावर जाहीर भूमिका घेतल्या, सिनेमातल्या मुख्य कलाकारांनी जाहीरपणे वेगळी भूमिका घेतली, आणि नव्या मालिकेच्या निर्मितीत त्या आहेत. त्यांचे समर्थक म्हणतात हा स्त्रियांच्या हक्काचा मुद्दा आहे. विरोधक म्हणतात यामुळे आधीच कोपऱ्यात असलेल्या माणसांचं जगणं अवघड होतं. आम्हाला दुसरं म्हणणं जास्त पटतं. मालिका बघायची की नाही हा ज्याचा त्याचा निर्णय, पण त्या मालिकेत काम करणाऱ्या मुलांना शिव्या देणं दोन्ही बाजूंनी थांबायला हवं.

सिनेमा दाखवल्यावर चर्चा ठेवायची आहे. ती भांडणात जाऊ नये म्हणून काय करावं?

सिनेमा आणि चर्चा यांच्यात १५ मिनिटांचा चहा ठेवा. प्रश्न चिठ्ठीवर लिहून घ्या, माइक सभागृहात फिरवू नका. पहिली २० मिनिटं फक्त कथेबद्दल: पात्राला काय हवं होतं, कुठलं दृश्य पटलं नाही. कलाकार-निवडीचा विषय त्यानंतर. मंचावर पारलिंगी पाहुणी असेल तर तिला फक्त ‘तुमचे अनुभव सांगा’ म्हणून बसवू नका. अभिनयावर, प्रकाशयोजनेवर, संवादांवर तिचं मत विचारा. कुठले प्रश्न नकोत हे तिच्याकडून आधी लिहून घ्या आणि तशा चिठ्ठ्या सूत्रसंचालकाने वाचूच नयेत. तिच्या मानधनाचं पाकीट कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी द्या.